ग्राहकाची निष्ठा आणि नागरिकाचा हक्क

(पक्षाच्या अभ्यासवर्गात झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)

दूरध्वनी हे एके काळी सरकारी खात्याचे यंत्र होते. त्यासाठी अर्ज करून वर्षानुवर्षे वाट पाहावी लागे, आणि घरात आलेल्या त्या काळ्या डब्यावर प्रेम करण्याची कल्पनाही कोणाच्या मनात येत नसे. आज तोच दूरध्वनी प्रत्येकाच्या खिशात आला आहे. त्याच्या पाठीवर कंपनीचे बोधचिन्ह उमटले आहे आणि त्या बोधचिन्हाभोवती अनुयायांचा एक संप्रदाय उभा राहिला आहे. अमक्या कंपनीचा फोन वापरणारा तमक्या कंपनीच्या ग्राहकाकडे तुच्छतेने पाहतो, कंपनीवर टीका झाली की ती स्वतःवर झाल्यासारखा चवताळून उठतो. हा सारा प्रकार चंगळवादाचे आणखी एक लक्षण म्हणून सोडून देता आला असता. तथापि या निष्ठेला अलीकडे एक गंभीर वळण लागले आहे. ‘ही कंपनी ग्राहकाची गुपिते सरकारलाही देत नाही, सबब तिचा फोन घ्यावा आणि निश्चिंत असावे’ हा समज सुशिक्षित मध्यमवर्गात रुजला आहे, आणि नागरी स्वातंत्र्याच्या चळवळीतील काही कार्यकर्त्यांच्या तोंडीही तो ऐकू येतो. म्हणून प्रश्न नीट मांडला पाहिजे. राज्यसत्तेपासून नागरिकाचे रक्षण करण्याचे काम बाजारातील एखादी कंपनी करू शकते काय?

या समजाचे सर्वात ठळक उदाहरण म्हणजे अमेरिकेतील अ‍ॅपल कंपनी. जानेवारी १९८४ मध्ये या कंपनीने आपल्या नव्या संगणकाची जी जाहिरात दूरचित्रवाणीवर दाखवली, तिचा आधार होता जॉर्ज ऑर्वेलची ‘१९८४’ ही कादंबरी. पडद्यावरून हुकूम सोडणारा हुकूमशहा, त्याच्यापुढे बसलेले निर्जीव चेहऱ्यांचे लोक आणि हातोडा फेकून तो पडदा फोडणारी एक तरुणी असे ते दृश्य होते. हुकूमशाहीविरुद्धचे बंड म्हणजे विशिष्ट कंपनीचा संगणक विकत घेणे, असा त्याचा मथितार्थ. भांडवलशाहीची ही किमया मान्य केली पाहिजे. बंडालाही ती वेष्टनात बांधून किंमत लावू शकते.

कंपनीला न्याय द्यायचा तर २०१६ ची घटनाही सांगितली पाहिजे. डिसेंबर २०१५ मध्ये कॅलिफोर्नियातील सॅन बर्नार्डिनो येथे झालेल्या हल्ल्यात १४ माणसे मारली गेली. हल्लेखोरांपैकी एकाचा फोन पोलिसांच्या हाती लागला, पण त्याचे कुलूप उघडेना. फेब्रुवारी २०१६ मध्ये न्यायालयाने कंपनीला त्या कामी साह्य करण्याचा आदेश दिला. असे साधन एकदा तयार झाले की ते एकाच फोनपुरते राहणार नाही, या कारणास्तव कंपनीने तो आदेश मानण्यास नकार दिला. अखेर एफबीआय या तपास यंत्रणेने अन्य मार्गाने तो फोन उघडला आणि मार्चच्या अखेरीस न्यायालयातील मागणी सोडून दिली. कंपनीची त्या वेळची भूमिका तत्त्वतः योग्य होती, यात शंका नाही.

परंतु तीच कंपनी चीनमध्ये गेली तेव्हा काय घडले? २०१७ मध्ये तिने सरकारी निर्बंध ओलांडण्यास उपयोगी पडणारी व्हीपीएन अ‍ॅप्स तेथील आपल्या दुकानातून काढून टाकली. २०१८ मध्ये चिनी ग्राहकांचा साठवलेला मजकूर ग्वेइझो प्रांतातील सरकारी संबंध असलेल्या एका कंपनीच्या व्यवस्थेखाली गेला, आणि त्या मजकुराच्या कुलपाच्या किल्ल्याही चीनमध्येच ठेवण्यात आल्या. ऑक्टोबर २०१९ मध्ये हाँगकाँगचे तरुण रस्त्यावर उतरले असताना पोलिसांचा ठावठिकाणा दाखवणारे एक अ‍ॅप काढून टाकण्यात आले. लोकशाही म्हणवणारी राष्ट्रेही याला अपवाद नाहीत. ब्रिटिश सरकारने २०१६ च्या कायद्याखाली गुप्त आदेश काढून ग्राहकांच्या मजकुरात प्रवेश मागितल्याचे वृत्त फेब्रुवारी २०२५ मध्ये आले, आणि त्याच महिन्यात कंपनीने आपली सर्वात भक्कम सुरक्षा-सोय ब्रिटनमधील ग्राहकांना देणे थांबवले. फोन तोच, किंमत तीच, ग्राहकाची निष्ठाही तीच. मात्र वॉशिंग्टनमध्ये जे तत्त्व होते ते बीजिंगमध्ये अडचण ठरले आणि लंडनमध्ये काढून घेता येण्याजोगी सवलत ठरले.

यात कंपनीच्या नीतिमत्तेची निंदा करण्यात हशील नाही. कंपनी भागधारकांना उत्तरदायी असते. ज्या देशात तिला माल विकायचा किंवा बनवून घ्यायचा असतो, त्या देशाच्या सत्तेशी ती जुळवून घेते. निंदा करायचीच तर तिच्याकडून हक्काच्या रक्षणाची अपेक्षा धरणाऱ्या भोळेपणाची करावी लागेल. जे स्वातंत्र्य वस्तूचा गुण म्हणून विकत मिळते, ते विक्रेत्याच्या सोयीनुसार कमीजास्त होते. शिवाय ज्याच्या खिशाला ती वस्तू परवडत नाही त्याला ते स्वातंत्र्यही परवडत नाही. व्यक्तिस्वातंत्र्याची अशी वर्गवारी समाजवाद्यांना कदापि मान्य होता कामा नये.

ज्या हातांनी ही वस्तू तयार होते त्या हातांचा विचारही येथे ओघानेच येतो. कर्नाटकातील कोलार जिल्ह्यात नरसापूर येथे याच कंपनीचे फोन जोडणाऱ्या विस्ट्रॉनच्या कारखान्यात डिसेंबर २०२० मध्ये वेतनाच्या तक्रारीवरून कामगारांचा उद्रेक झाला आणि मोठी मोडतोड झाली. कामाच्या तासांच्या नोंदीत व वेतनात गैरव्यवहार असल्याचे चौकशीत दिसून आले, आणि अ‍ॅपलने त्या पुरवठादाराला नवे काम देणे थांबवले. ग्राहकाच्या खासगीपणाची एवढी चर्चा करणाऱ्या निष्ठावंतांपैकी किती जणांनी त्या कामगारांच्या हजेरीपुस्तकाची चौकशी केली?

आता भारताकडे वळू. या देशात दूरध्वनी चोरून ऐकण्याचा अधिकार सरकारला मिळाला तो १८८५ च्या तार कायद्याने, म्हणजे परकीय सत्तेच्या कायद्याने. स्वतंत्र भारताने तो जसाच्या तसा वारशाने घेतला. आणीबाणीत नागरिकाचे अनेक मूलभूत हक्क गोठवले गेले, आणि २८ एप्रिल १९७६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने जबलपूर खटल्यात स्थानबद्धाला न्यायालयाचा दरवाजाही बंद केला. न्यायमूर्ती हंसराज खन्ना यांचा एकट्याचा आवाज विरोधात उमटला. त्याच वर्षी जयप्रकाश नारायण यांच्या पुढाकाराने नागरी स्वातंत्र्यासाठी जी संघटना निघाली, ती पुढे पीयूसीएल या नावाने ओळखली गेली. याच संघटनेच्या याचिकेवर डिसेंबर १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दूरध्वनीवरील संभाषण हा खासगीपणाच्या हक्काचा भाग असल्याचे सांगितले आणि सरकारच्या मनमानीवर काही नियम घातले. पुढे न्यायमूर्ती के. एस. पुट्टस्वामी यांच्या याचिकेवर २४ ऑगस्ट २०१७ रोजी नऊ न्यायाधीशांच्या पीठाने खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा एकमुखी निर्णय दिला आणि जबलपूर खटल्याचा निकालही मोडीत काढला. जबलपूर खटल्यातील बहुमतात यशवंतराव चंद्रचूड होते. तो निकाल चूक ठरवणारे निकालपत्र लिहिले त्यांच्याच पुत्राने, धनंजय चंद्रचूड यांनी. हा हक्क कोणत्याही कंपनीच्या दुकानात मिळालेला नाही. तुरुंगवास, संघटना आणि न्यायालयीन झुंज यांच्या बळावर तो चाळीस वर्षांनी पदरात पडला आहे.

आणि तरीही तो किती कच्चा आहे, हे पुढील काही वर्षांनी दाखवून दिले. इस्रायलच्या एनएसओ या कंपनीचे पेगासस हे हेरगिरीचे साधन मालकाने कशालाही स्पर्श न करता फोनमध्ये शिरू शकते, महागड्या फोनमध्येही शिरू शकते, ही गोष्ट जुलै २०२१ मध्ये जगभर गाजली. सर्वोच्च न्यायालयाने नेमलेल्या समितीने २९ फोन तपासले. पाच फोनमध्ये घातक आज्ञावली आढळली, पण ती पेगाससच होती असे ठरले नाही, आणि सरकारने सहकार्य केले नाही अशी नोंद ऑगस्ट २०२२ मध्ये झाली. अ‍ॅपलने २०२१ मध्ये एनएसओवर मोठ्या अभिनिवेशाने दावा गुदरला आणि २०२४ मध्ये तो स्वतःहून मागे घेण्याची विनंती केली. ऑक्टोबर २०२३ मध्ये भारतातील विरोधी पक्षांच्या अनेक नेत्यांना याच कंपनीकडून सूचना आली, की राज्यसत्तेच्या पाठबळाने कोणीतरी तुमच्या फोनवर हल्ला करीत असावे. सूचना मिळाली हे बरे झाले. परंतु कोणी, कोणाच्या हुकमाने, कोणत्या कायद्याने, या प्रश्नांची उत्तरे कंपनी देऊ शकत नाही. ती उत्तरे संसदेत आणि न्यायालयातच मिळवावी लागतात. काश्मीरमध्ये ऑगस्ट २०१९ पासून इंटरनेट तोडले गेले आणि फोनवरील वेगवान सेवा फेब्रुवारी २०२१ मध्येच सर्वत्र परत आली. त्या दीड वर्षात श्रीनगरच्या नागरिकाच्या हाती कोणत्या कंपनीचा फोन होता, याला काय अर्थ उरला होता?

साथींनो, या ठिकाणी एक कटू गोष्टही बोलली पाहिजे. ब्रँडची निष्ठा ही केवळ बाजारातच असते असे नाही. ती राजकारणातही शिरली आहे. निष्ठावंत ग्राहक आपल्या कंपनीचे दोष पाहत नाही, आणि निष्ठावंत अनुयायी आपल्या पक्षाच्या सरकारचे दोष पाहत नाही. दुसऱ्याने फोन ऐकला तर तो स्वातंत्र्यावर घाला, आणि आपल्याने ऐकला तर ती राज्याची सुरक्षितता! १९८८ मध्ये कर्नाटकाचे मुख्यमंत्री रामकृष्ण हेगडे यांना दूरध्वनी चोरून ऐकण्याच्या प्रकरणावरून राजीनामा द्यावा लागला. ते सरकार जनता पक्षाचे होते, आणीबाणीविरुद्धच्या लढ्यातून पुढे आलेल्या पक्षाचे होते. त्या आठवणीवर पांघरूण घालण्याचे कारण नाही. नागरी स्वातंत्र्य आपल्या माणसांच्या हाती सत्ता असतानाही मागता आले, तरच ते तत्त्व. एरवी तीही एक बाजारपेठेतली पसंतीच.

मग उपाय कोणता? एक ब्रँड टाकून दुसरा घ्यावा, परदेशी सोडून देशी घ्यावा, असे सुचवले जाते. देशी कंपनीही त्याच कायद्याखाली आणि त्याच गृहसचिवांच्या सहीखाली चालते, हे विसरून कसे चालेल? १९७७ मध्ये जॉर्ज फर्नांडिस उद्योगमंत्री असताना कोकाकोला कंपनी भारतातून गेली, ती लोकांना तिची चव आवडेनाशी झाली म्हणून गेली नाही. परकीय भागभांडवल ४० टक्क्यांवर आणण्याचा कायदा तिने पाळावा, असा लोकनियुक्त सरकारने आग्रह धरला म्हणून गेली. अगदी ताजे उदाहरण फोनला वीज भरणाऱ्या चार्जरचे आहे. प्रत्येक कंपनीची वेगळी तार असे आणि ग्राहक वर्षानुवर्षे नुसता कुरकुरत असे. युरोपीय संघाने २०२२ मध्ये एकाच प्रकारच्या चार्जरचा कायदा केला, आणि २०२३ मध्ये अ‍ॅपलनेही आपल्या फोनची खाच बदलली. कोट्यवधी ग्राहकांच्या निष्ठेने किंवा नाराजीने जे झाले नाही ते एका कायद्याने झाले. भारतातही डिसेंबर २०२५ च्या आरंभी प्रत्येक नव्या फोनमध्ये ‘संचार साथी’ हे सरकारी अ‍ॅप आधीपासून घालण्याचा दूरसंचार खात्याचा आदेश उघड झाला, तेव्हा संसदेत व बाहेर इतका गदारोळ उठला, की काही दिवसांतच सक्ती मागे घ्यावी लागली. नागरिक बोलला की सत्तेला ऐकावे लागते, याचा हा पुरावा.

म्हणून पक्षाच्या कार्यकर्त्यांनी पुढील मागण्या लोकांपर्यंत नेल्या पाहिजेत. पहिली, फोन ऐकण्याचा हुकूम न्यायाधीशाच्या पूर्वपरवानगीशिवाय निघू नये. २०२३ च्या दूरसंचार कायद्याने तार कायद्याची जागा घेतली, पण हुकूम काढणारेही अधिकारी आणि तो तपासणारेही अधिकारी, ही जुनी व्यवस्था तशीच ठेवली. दुसरी, गुप्तचर यंत्रणा कायद्याच्या चौकटीत आणून संसदेला उत्तरदायी कराव्यात. तिसरी, २०२३ च्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यातील सरकारला मोकळीक देणारी तरतूद रद्द व्हावी. याच कायद्याने माहिती अधिकार कायद्याच्या संबंधित पोटकलमातील सार्वजनिक हिताची अट काढून टाकली आहे, ती परत यावी. नागरिक सरकारपुढे उघडा आणि सरकार नागरिकापुढे झाकलेले, ही लोकशाहीची रीत नव्हे. चौथी, पोलिसांनी फोन किंवा संगणक जप्त करताना त्यातील मजकुराचा हॅश क्रमांक पंचनाम्यात नोंदवणे सक्तीचे व्हावे. हा क्रमांक म्हणजे मजकुराचा अंगठ्याचा ठसाच. नंतर मजकुरात एक अक्षर जरी घातले तरी तो बदलतो. भीमा-कोरेगाव प्रकरणात एका आरोपीच्या संगणकात दुरून कागदपत्रे घुसवली गेल्याचे अमेरिकेतील एका न्यायवैद्यक प्रयोगशाळेने २०२१ मध्ये म्हटले आणि तपास यंत्रणेने ते नाकारले. अशा वादात निरपराध माणसाची वर्षे तुरुंगात जाऊ शकतात, हे ध्यानात घेतले म्हणजे या साध्या नोंदीचे मोल कळेल.

फोन कोणता घ्यावा हे ज्याने त्याने आपल्या गरजेप्रमाणे आणि ऐपतीप्रमाणे ठरवावे. चांगले कुलूप असलेला घेतला तर उत्तमच. घराला कुलूप लावणे हे शहाणपणच आहे. परंतु दारावर मध्यरात्री थाप पडते तेव्हा कुलूप कोणत्या कंपनीचे आहे याने काही ठरत नाही. थाप मारणाऱ्याजवळ न्यायालयाचा हुकूम आहे काय, आणि तो विचारण्याचे धैर्य शेजाऱ्यापाजाऱ्यांत आहे काय, याने ते ठरते. ते धैर्य संघटित करणे हेच पक्षाचे काम आहे.