पुन्हा पुन्हा विझणारा पडदा



अमेरिकेच्या वायव्येस असलेल्या सिॲटल शहरात २०२२ सालच्या जानेवारीअखेर काही मोटारमालकांवर मोठा चमत्कारिक प्रसंग गुदरला. ही मंडळी ९४.९ मेगाहर्ट्झवरील के.यू.ओ.डब्ल्यू. हे सार्वजनिक नभोवाणी केंद्र ऐकत होती. अकस्मात डॅशबोर्डवरील पडदा काळा झाला, कंपनीचे बोधचिन्ह उमटले, यंत्रणा सुरू होऊ लागली, आणि सुरू होते न होते तोच पुन्हा विझली. मग पुन्हा बोधचिन्ह आणि पुन्हा काळोख. रेडिओ तर त्या एकाच केंद्रावर खिळून बसला. दुसरे केंद्र लावता येईना, फोन जोडता येईना, गाडी मागे घेताना मागचे दृश्य दाखविणारा कॅमेराही चालेना. विशेष असे की, या साऱ्या गाड्या माझ्दा कंपनीच्या आणि २०१४ ते २०१७ या वर्षांतील होत्या. शेजारून जाणाऱ्या दुसऱ्या गाडीत तेच केंद्र सुखेनैव वाजत होते.

कारण शोधता शोधता असे आढळले की, त्या केंद्रावरून ध्वनीबरोबरच डिजिटल लहरींतून लहान लहान चित्रेही पाठविली जात. संगणकात चित्राच्या नावाअखेर टिंब देऊन त्याचा प्रकार सांगणारी दोन-चार अक्षरे जोडण्याची रीत आहे. त्या आठवड्यात आलेल्या काही चित्रांच्या नावांना ही शेपटीच नव्हती. माणसाने चित्र पाहताच ते चित्र आहे हे ओळखले असते. गाडीतील जुन्या सॉफ्टवेअरला मात्र 'हे काय आले?' याचा उलगडा होईना आणि ते कोलमडले. विक्रेत्यांनी सांगितले, 'मुख्य भागच निकामी झाला आहे. नवा सुमारे १५०० डॉलरला पडेल.' त्यात त्या काळी सुट्या भागांची टंचाई होती. पुढे कंपनीने आपल्या खर्चाने भाग बदलून देण्याचे मान्य केले, ही त्यातल्या त्यात समाधानाची गोष्ट.

दोष केंद्राचा की गाडीचा, असा वाद तेव्हा झाला. माझ्या मते तो गाडीचा. घरात कोणी चुकीचा पत्ता लिहिलेले पाकीट टाकले म्हणून भिंत कोसळावी काय?

आता, यंत्रणा बंद पडून स्वस्थ का बसत नाही, पुन्हा पुन्हा का उठते, हे पाहू. अशा यंत्रांत बहुधा एक राखणदार घड्याळ बसविलेले असते. मुख्य कार्यक्रमाने ठराविक अवधीत त्याला 'मी जागा आहे' अशी वर्दी द्यावयाची असते. वर्दी आली नाही, तर कार्यक्रम अडकला असे समजून राखणदार सारी यंत्रणा नव्याने सुरू करतो. म्हणजे पुन्हा सुरू होणे हा रोग नव्हे, तो उपचार आहे. एखादेवेळी गुंता झाला असेल तर या उपचाराने तो सुटतो आणि आपल्याला पत्ताही लागत नाही. परंतु गुंत्याचे कारण स्मृतीत साठून राहिले असेल, तर यंत्रणा उठते, तीच वस्तू हाती घेते आणि त्याच ठिकाणी अडखळते. सिॲटलला घडले ते असेच चक्र होय.

माझ्दाच्याच बाबतीत याहून मौजेचा एक किस्सा २०१९ साली उजेडात आला. 'नाइन्टी-नाइन पर्सेंट इन्व्हिजिबल' हा रचनाशास्त्रावरील एक लोकप्रिय श्राव्य कार्यक्रम आहे. त्याच्या इंग्रजी नावात नव्याण्णव हा आकडा आणि पुढे शेकड्याचे चिन्ह येते. एका गृहस्थाच्या गाडीत इतर सारे कार्यक्रम चालत, हा मात्र फोनवरून लावला की यंत्रणा कोसळून पुन्हा सुरू होई. 'रिप्लाय ऑल' या दुसऱ्या एका कार्यक्रमाने त्याचा पाठपुरावा केला, तेव्हा संशय त्या शेकड्याच्या चिन्हावर स्थिरावला. संगणकाच्या काही भाषांत हे चिन्ह मजकुरात आले, तर त्याचा अर्थ 'येथे पुढील मूल्य भरा' अशी आज्ञा होतो. श्रुतलेखन सांगताना शिक्षक 'स्वल्पविराम' म्हणतात आणि वर्गातील एखादे भोळे मूल चिन्ह न देता 'स्वल्पविराम' हा शब्दच वहीत लिहिते. प्रत्येक वर्षी एक तरी वही अशी हाती येतेच. गाडीने याच्या नेमके उलट केले. लिहून घ्यावयाचा शब्द तिने आज्ञा म्हणून ऐकला, आणि भरावयाचे मूल्य न सापडल्याने ती गोंधळली.

२०१६ सालच्या जूनमध्ये लेक्सस गाड्यांतही असेच घडले होते. वाहतूक आणि हवामान यांची माहिती पुरविणाऱ्या सेवेकडून सदोष माहिती प्रसारित झाली आणि २०१४ ते २०१६ या वर्षांच्या गाड्यांतील पडदे सुरू-बंद होत राहिले. तेथे भाग बदलावा लागला नाही. साठलेली माहिती पुसून टाकताच यंत्रणा पूर्ववत झाली.

हे सारे करमणुकीपुरतेच असते तर मी आपला वेळ घेतला नसता. गाणे वाजले नाही तर प्रवास काही थांबत नाही. परंतु मागचा कॅमेरा त्याच पडद्याच्या आधाराने चालतो. २००२ साली अमेरिकेत कॅमेरॉन गलब्रॅन्सन हे दोन वर्षांचे बालक स्वतःच्या वडिलांच्याच मागे येणाऱ्या गाडीखाली सापडून मृत्यू पावले. वडिलांना ते दिसलेच नव्हते. त्याच्या नावाने २००८ साली कायदा झाला, आणि मे २०१८ पासून तेथील नव्या मोटारींत मागचे दृश्य दाखविण्याची सोय सक्तीची झाली. म्हणून ज्याच्या गाडीचा पडदा असा लहरी झाला असेल, त्याने दुरुस्ती होईपर्यंत कॅमेरा नाहीच असे समजावे आणि अंगणात मुले असतील तर खाली उतरून, मागे पाहूनच गाडी मागे घ्यावी. पडद्यावर दृश्य दिसत असताना त्याच क्षणी तो विझला, तर नजर तेथेच अडकून राहते. पूर्वीपासून काळा असलेला पडदा त्यापेक्षा बरा.

आता आपल्या घरच्या गाडीकडे वळू. प्रथम काहीही न उघडता दोन-तीन दिवस केवळ निरीक्षण करावे. पडदा केव्हा विझतो? दर वेळी सारख्याच अंतराने, बोधचिन्हानंतर त्याच जागी विझत असेल, तर संशय सॉफ्टवेअरवर किंवा साठलेल्या मजकुरावर घ्यावा. बेळगावहून चोर्ला घाटाने गोव्यात उतरताना खड्ड्यागणिक विझत असेल, हॉर्न वाजविताच किंवा सेल्फ मारताच विझत असेल, तर विजेच्या पुरवठ्यात खोट आहे. दुपारभर उन्हात उभ्या राहिलेल्या गाडीत विझतो आणि गारवा झाल्यावर नीट चालतो, असे असेल तर उष्णता हे कारण असू शकते. एवढी टिपणे वहीत असली, म्हणजे मेकॅनिकचा निम्मा वेळ आणि आपला बराच पैसा वाचतो.

विजेची तपासणी सर्वांत आधी करावी, आणि माझा आग्रह तिच्यावरच आहे. बॅटरीला १२ व्होल्टची म्हणतात खरे, परंतु पूर्ण भरलेली आणि काही तास विसावलेली बॅटरी मल्टिमीटरवर सुमारे १२.६ व्होल्ट दाखविते. १२.२ दिसले तर ती अर्धीच भरलेली आहे असे समजावे. इंजिन चालू असता आकडा साधारण १३.७ ते १४.७ च्या दरम्यान हवा. तसा नसेल तर दोष अल्टरनेटरकडे शोधावा. सेल्फ मारताना दाब क्षणभर उतरतोच, परंतु तो १० व्होल्टच्या बराच खाली जात असेल, तर बॅटरी थकली आहे. इंजिन कसेबसे सुरू होते, म्हणून मालक निश्चिंत असतो. पडद्यातील नाजूक संगणकाला मात्र तेवढा झटका सोसत नाही. किनारपट्टीच्या दमट हवेत टर्मिनलांवर पांढरी-हिरवी बुरशीसारखी पुटे चढतात आणि गाडीच्या पत्र्याला जोडलेली अर्थची वायर गंजते. ती खरवडून, घट्ट आवळून पुष्कळ पडदे बरे झाले आहेत.

पडदा कारखान्यातून आलेला नसून बाजारातून घेऊन बसविलेला असेल, तर मागची जोडणी अवश्य पाहावी. तेथे पिवळी वायर कायमच्या विजेची, लाल वायर किल्ली फिरविल्यावर येणाऱ्या विजेची आणि काळी अर्थची, असा सर्वसाधारण संकेत आहे. दुकानात घाईघाईने पिळे मारून वर टेप गुंडाळतात. दोन पावसाळ्यांत टेप सुटते. याबाबतीत आपल्याकडील काम फार निष्काळजीपणे होते, असे मला स्पष्ट म्हणावेसे वाटते.

वीज निर्दोष ठरली, की बाहेरून जोडलेल्या वस्तूंची पाळी. पेनड्राइव्ह, फोनची केबल, नकाशाचे कार्ड, सारे काढावे. फोन आणि पडदा, दोहोंच्याही यादीतून ब्लूटूथची जोडणी पुसावी. मग दिवसभर गाडी चालवावी. पडदा शांत राहिला, तर एकेक वस्तू एकेका दिवशी जोडीत जावे. एकदम सारे जोडले तर गुन्हेगार गर्दीत निसटतो. अनेक गाणी साठविलेल्या पेनड्राइव्हमध्ये एखादीच फाइल बिघडलेली असते आणि यंत्रणा यादी वाचताना तेथेच ठेच खाते.

पुष्कळ पडद्यांत बंद-चालूचे बटण दहा-पंधरा सेकंद दाबून ठेवल्यास यंत्रणा नव्याने सुरू होते. नेमकी रीत गाडीबरोबरच्या पुस्तिकेत असते. मूळ स्थितीस नेण्याची सोयही असते, पण त्यात जतन केलेले पत्ते आणि फोन पुसले जातात. बॅटरी सोडवावयाची झाल्यास आधी ऋण टोक काढावे आणि जोडताना तेच शेवटी जोडावे. काही पडदे त्यानंतर सांकेतिक क्रमांक मागतात. तो हाताशी नसेल तर बॅटरीला हात लावू नये.

नवे सॉफ्टवेअर चढविणे हा उत्तम उपाय असला, तरी तो शेवटी करावा. ते चढत असताना पडदा मध्येच विझला, तर आजवर उठत तरी होता तो कायमचा निजण्याची भीती असते. म्हणून वीज आधी, सॉफ्टवेअर मागाहून. तेही त्याच गाडीचे, त्याच वर्षाचे आणि कंपनीकडूनच मिळालेले हवे.

कधी कधी भाग खरोखरच झिजलेला असतो. टेस्ला कंपनीने २०२१ साली सुमारे १ लाख ३५ हजार गाड्या दुरुस्तीसाठी परत बोलाविल्या. त्यांतील ८ गिगाबाइटच्या स्मृतीत इतके सतत लेखन होत असे की, काही वर्षांत ती स्मृती झिजून जाई, पडदा बंद पडे आणि मागचा कॅमेराही जाई. अशा झिजेला पुसणे-जोडणे उपयोगी पडत नाही.

वर्कशॉपमध्ये 'पूर्ण सिस्टिम बदला' असे सांगितले, तर बॅटरीचे, इंजिन बंद असतानाचे आणि सेल्फ मारतानाचे असे दोन्ही आकडे कागदावर मागावेत. सॉफ्टवेअर कितव्या आवृत्तीचे आहे, नवे निघाले आहे काय, आणि या वर्षाच्या गाड्यांसाठी कंपनीचे काही सूचनापत्रक आहे काय, हेही विचारावे. एवढ्यावरही बदलणे भागच पडले, तर जुना भाग तेथे सोडू नये. तो परत मागून घ्यावा. नुसती स्मृतीची चकती बदलून तो चालू करून देणारे कारागीर आता मोठ्या शहरांत भेटतात.