कोणत्या कायद्याखाली?

(विहाराच्या वर्धापन दिनाच्या सभेत केलेले भाषण)



समितीने मला सांगितले की संविधानावर दोन शब्द बोला. विषय समुद्राएवढा आणि मी गिरणी कामगार. पाळीवरून आल्यावर जे वाचले, लायब्ररीत बसून जे टिपून घेतले, तेवढीच माझी शिदोरी. म्हणून आज एकच प्रश्न घेतो. सरकारने एखाद्या माणसाला आरोप न ठेवता, खटला न चालवता तुरुंगात ठेवले, आणि वरून म्हटले की देशावर युद्धाचे संकट आहे, विचारू नका. तर त्या माणसाने कुठे जायचे? आणि गेलाच तर त्याच्या हाती काय लागते?

गिरणीतले उदाहरण घ्या. कामगाराला गैरवर्तणुकीसाठी कामावरून काढायचे तर आधी चार्जशीट द्यावी लागते. तिच्यात आरोप लिहावा लागतो. मग चौकशी बसते, कामगार साक्षीदाराला उलट प्रश्न विचारतो. हे सारे एका नोकरीसाठी. स्थानबद्धतेत मात्र माणूसच आत जातो आणि आरोपपत्र नसते. ती शिक्षा नव्हे, असे कायदा म्हणतो. शिक्षा केलेल्या गुन्ह्याची होते. इथे 'तू पुढे काहीतरी करशील' या संशयावर दार बंद होते.

हे इंग्रजांच्या काळापासून चालत आले आहे. दुसरे महायुद्ध सुरू होताच १९३९ साली भारत संरक्षण कायदा आला. त्यातल्या २६ व्या नियमाखाली मुंबई प्रांतात केशव तळपदे यांना स्थानबद्ध केले. ते कोर्टात गेले, आणि प्रकरण दिल्लीच्या फेडरल कोर्टापर्यंत पोचले. मुद्दा अगदी साधा होता. ज्याच्याबद्दल वाजवी संशय आहे, अशा माणसाबाबत नियम करायला कायद्याने सरकारला सांगितले होते. सरकारने नियम केला तो असा की, सरकारची खात्री पटली म्हणजे पुरे. सरन्यायाधीश सर मॉरिस ग्वायर यांनी २२ एप्रिल १९४३ ला निकाल दिला की हा नियम कायद्याच्या बाहेर जातो, म्हणून तो बेकायदा. न्यायाधीश इंग्रज, युद्ध इंग्रजांचे, तरी निकाल सरकारच्या विरुद्ध गेला! पण पुढे काय झाले? २८ एप्रिलला, म्हणजे सहाव्या दिवशी, व्हाइसरॉयने वटहुकूम काढला आणि नियम मागच्या तारखेपासून कायदेशीर करून टाकला. कोर्टाने दार उघडले, सरकारने भिंतच बांधली. का बांधता आली? कारण सरकारला अडवील असे मूलभूत हक्कांचे संविधान तेव्हा नव्हते.

आता आपल्या संविधानाकडे या. बंधूंनो, इथे मला खरे बोलले पाहिजे. संविधानातच कलम २२ आहे, आणि त्यात आरोपाशिवाय स्थानबद्ध करण्याला जागा आहे. हे कलम घटना समितीपुढे १५ सप्टेंबर १९४९ ला बाबासाहेबांनीच मांडले. यावरून काही जण आपल्याला टोमणे मारतात. तेव्हा त्यामागचा इतिहास आपल्याला ठाऊक हवा. जीविताच्या आणि स्वातंत्र्याच्या कलमात, म्हणजे आजच्या २१ व्या कलमात, योग्य न्यायप्रक्रियेचे शब्द राहिले नव्हते. विधिमंडळ कायदा करील त्या रीतीने माणसाला आत टाकता येईल, अशी स्थिती झाली. बाबासाहेबांनी समितीत सांगितले की त्याची भरपाई म्हणून हे नवे कलम आणतो आहोत. साध्या अटकेत कारण सांगा, वकील भेटू द्या, २४ तासांत मॅजिस्ट्रेटपुढे उभे करा. स्थानबद्धतेला हे नियम लागू नाहीत. पण तिथेही कारणे कळवा, म्हणणे मांडू द्या, आणि तीन महिन्यांहून जास्त ठेवायचे तर सल्लागार मंडळाचे मत घ्या. कुंपण अपुरे होते, पण जिथे काहीच नव्हते तिथे घातलेले कुंपण होते. आणि त्याच्या मागे ३२ वे कलम उभे होते. हक्क मोडला तर थेट सुप्रीम कोर्टात जाण्याचे ते कलम. ९ डिसेंबर १९४८ च्या भाषणात बाबासाहेबांनी त्यालाच संविधानाचा आत्मा आणि हृदय म्हटले होते.

या कुंपणाची परीक्षा १९६२ ला झाली. चीनशी लढाई २० ऑक्टोबरला सुरू झाली आणि २१ नोव्हेंबरला थांबली. एक महिना. आणीबाणी मात्र २६ ऑक्टोबर १९६२ पासून १० जानेवारी १९६८ पर्यंत चालली. पाच वर्षांहून जास्त! भारत संरक्षण नियमाखाली स्थानबद्ध झालेल्यांना कलम २१ आणि २२ साठी कोर्टात जाण्याची बंदी राष्ट्रपतींच्या आदेशाने झाली. त्या काळात आत गेलेल्यांत प्रभाकर पांडुरंग संझगिरी होते, कम्युनिस्ट पक्षाचे आणि कामगार चळवळीचे कार्यकर्ते. मुंबईच्या तुरुंगात त्यांनी सरकारच्या परवानगीने मराठीत एक पुस्तक लिहिले, 'अणूच्या अंतरंगात'. विज्ञान सामान्य माणसाला समजावून सांगणारे पुस्तक. ते छापण्यासाठी बाहेर पाठवायचे म्हटले, तर सरकार म्हणाले नाही. संझगिरी हायकोर्टात गेले. न्यायमूर्तींनी हस्तलिखिताची अनुक्रमणिका पाहिली आणि म्हणाले, हे लोकशिक्षणाचे पुस्तक आहे, पाठवू द्या. सरकार सुप्रीम कोर्टात गेले.

तिथे सरकारचे म्हणणे असे : स्थानबद्धांना कोणत्या सवलती द्यायच्या, त्याची यादी केलेली आहे, त्या यादीत पुस्तक बाहेर पाठवणे नाही, जे यादीत नाही ते मिळणार नाही. न्यायमूर्ती सुब्बा राव यांनी जे उत्तर दिले त्याचा भावार्थ असा : असे मानले तर जेवण देण्याची अट यादीत नसल्यास या माणसाला उपाशी मारता येईल. म्हणजे कायद्याने जेवढे काढून घेतले तेवढेच गेले, बाकीचा माणूस आपल्या हक्कांसह शिल्लक आहे. राष्ट्रपतींच्या आदेशाची ढालही चालली नाही, कारण पुस्तक अडवायचा अधिकार त्या नियमांत कुठेच नव्हता. सरकारचे अपील फेटाळले गेले. तारीख होती ६ सप्टेंबर १९६५. त्याच दिवशी आपले सैन्य लाहोरच्या दिशेने सीमा ओलांडून गेले. सरहद्दीवर लढाई चालू, आणि दिल्लीत कोर्ट सरकारला विचारत आहे, कोणत्या कायद्याखाली? त्याने देश काही हरला नाही.

कोणी म्हणेल, ते तर कम्युनिस्ट, त्यांचे आपले कुठे जमले? नसेल जमले. पण हक्क माणूस बघून वाटायचा नसतो. माणूस बघून वाटणे म्हणजे काय, ते आपल्यापेक्षा जास्त कोणाला माहीत?

आता उलटी बाजू ऐका. १९७१ च्या पाकिस्तान युद्धाची आणीबाणी उठलीच नव्हती, तिच्यावर जून १९७५ ला दुसरी आणीबाणी आली. 'मिसा'खाली हजारो लोक आत गेले. तेव्हा देशातल्या अनेक हायकोर्टांनी सांगितले की स्थानबद्धाची तक्रार आम्ही ऐकू. त्यांत आपले नागपूर खंडपीठही होते. हे आपल्या सिव्हिल लाइन्सच्या इमारतीचे भूषण आहे, पोराबाळांना सांगा. पण सुप्रीम कोर्टाने २८ एप्रिल १९७६ ला चार विरुद्ध एक मतांनी ते सारे निकाल उलटवले. सुनावणीत न्यायमूर्ती खन्ना यांनी विचारले होते, पोलिसाने वैरापोटी एखाद्याचा जीव घेतला तर? सरकारी वकील म्हणाले, आणीबाणी आहे तोवर कोर्टात इलाज नाही. बघा, १९६५ ला 'असे कसे चालेल' म्हणून जे उदाहरण कोर्टाने दिले, तेच अकरा वर्षांनी सरकारने बेधडक कबूल केले, आणि चार न्यायमूर्ती त्यासह निकाल देऊन मोकळे झाले. एकट्या खन्नांनी विरोधी मत लिहिले. त्यांना सरन्यायाधीशपद मिळाले नाही, जानेवारी १९७७ मध्ये डावलले गेले, त्यांनी राजीनामा दिला.

पण विरोधी मत वाया जात नाही. १९७८ च्या ४४ व्या घटनादुरुस्तीने ठरले की आणीबाणीतसुद्धा कलम २० आणि २१ साठी कोर्टाचे दार बंद करता येणार नाही. आणि २४ ऑगस्ट २०१७ ला नऊ न्यायमूर्तींच्या पीठाच्या निकालात १९७६ चा तो निर्णय रद्द ठरवला गेला. त्याला ४१ वर्षे लागली.

हे फक्त आपल्याच देशात झाले असे नाही. आपल्याकडे सरकार म्हणाले, ही वेळ वेगळी आहे. अमेरिकेने म्हटले, ही जागा वेगळी आहे. जानेवारी २००२ पासून त्यांनी क्युबा देशातल्या ग्वांटानामो या लष्करी तळावर परदेशी माणसे आणून ठेवली. एकूण सुमारे ७८०, बहुतेकांवर कधीच आरोप ठेवला नाही. जमीन क्युबाची, म्हणून आमच्या कोर्टाचा संबंध नाही, असा युक्तिवाद. २००४ ला तिथल्या सुप्रीम कोर्टाने तो फेटाळला. मग २००५ आणि २००६ ला कायदे करून कोर्टाचे दार पुन्हा लावले. अगदी १९४३ च्या वटहुकमासारखे. पण जून २००८ ला बूमेदिएन नावाच्या कैद्याच्या प्रकरणात कोर्टाने पाच विरुद्ध चार मतांनी सांगितले की हा हक्क संविधानाने दिलेला आहे, साध्या कायद्याने तो काढता येत नाही. त्याच वर्षी खालच्या कोर्टाने पुरावा तपासून त्याच्या सुटकेचा आदेश दिला, २००९ ला तो सुटला. आत जाऊन सात वर्षे झाली होती. जानेवारी २०२५ मध्ये तिथे १५ कैदी उरले होते. म्हणजे जिंकूनही उशीर होतो, आणि सगळे सुटत नाहीत. पण विचारलेच नसते तर?

आता आपल्या मोहल्ल्यात या. युद्ध नाही, आणीबाणी नाही, तरी आरोपाशिवाय स्थानबद्धता आहे. महाराष्ट्रात १९८१ चा कायदा आहे, त्याला लोक एमपीडीए म्हणतात. त्याचे मराठी नावच 'झोपडपट्टीदादा' या शब्दाने सुरू होते. नावात झोपडपट्टी आहे, बंगला नाही. खरा गुंड असेल त्याचा पुळका मला नाही. त्याचा त्रास पहिल्यांदा आपल्यालाच होतो. पण त्याच्यावर खटला चालवा, पुरावा आणा. या कायद्याने बारा महिन्यांपर्यंत आत ठेवता येते. आपल्या गल्लीतला पोट्टा नेला तर आई रडते, बाप पुढाऱ्याच्या दारात बसतो. कागद कोणी मागत नाही.

म्हणून लिहून घ्या. स्थानबद्धतेची कारणे पाच दिवसांच्या आत द्यावी लागतात, आणि त्याला समजते त्या भाषेत. निवेदन करण्याचा त्याला हक्क आहे. प्रकरण तीन आठवड्यांच्या आत सल्लागार मंडळापुढे जावे लागते. हायकोर्टात २२६ व्या कलमाखाली अर्ज करता येतो, आणि निवेदनाला उशीर केला, कागद दिले नाहीत, अशा कारणांवरून नागपूर खंडपीठाने असे कितीतरी आदेश रद्द केले आहेत. वकिलाला पैसे नाहीत? अनुसूचित जाती-जमातीच्या माणसाला आणि कोठडीतल्या कोणालाही विधी सेवा समितीकडून मोफत वकील मिळतो. तो हक्क आहे, मेहेरबानी नव्हे.

विहार समितीला माझी विनंती आहे. महिन्यातला एक रविवार या कामाला द्या. एखाद्या वकिलाला बोलवा. एक वही ठेवा : कोणाला नेले, कोणत्या तारखेला, कोणता कागद मिळाला, कोणता नाही. तारीख चुकली की आदेश पडतो, आणि ती तारीख घरच्यांनीच लिहून ठेवलेली असावी लागते. तळपदे, संझगिरी यांनी काही मोठा चमत्कार केला नाही. त्यांनी सरकारला विचारले, कोणत्या कायद्याखाली? आपल्या वस्तीतल्या प्रत्येक आईला हे शब्द बोलता आले, तर संविधान वाचले असे मी समजेन.