सी जाणार कुठे?



सी आणि सी++ यांचे दिवस भरल्याची भाकितं आपल्या धंद्यात नवी नाहीत. डी आली, गो आली, रस्ट आली, झिग आली. दरवेळी कुणीतरी सीचं श्राद्ध उरकायला निघतं. तिच्या जागी नवी भाषा येऊ शकते का, हे तपासायला मराठी अक्षराइतका सोयीचा नमुना नाही.

क्रोममध्ये मराठी पान उघडलं की पडद्यामागे दोन कामं चालतात. ‘कि’ लिहिताना संगणकात क आधी साठवला जातो, वेलांटी नंतर. पडद्यावर मात्र वेलांटी आधी काढावी लागते. ‘अर्क’मधला रफार उचलून पुढच्या क-च्या डोक्यावर बसवावा लागतो. ही मांडामांड हार्फबझ ही सी++मधली लायब्ररी करते. मग त्या आकारांच्या वळणरेषा फॉन्टच्या फाइलमधून वाचायच्या. हे काम अनेक वर्षं फ्रीटाइपकडे होतं. ती १९९६ पासून वाढत आलेली, सीमध्ये लिहिलेली.

गोम अशी की वेबफॉन्ट, म्हणजे पानासोबत उतरणारा फॉन्ट, येतो कुठल्याही अनोळखी साइटवरून. ऑक्टोबर २०२० मध्ये फ्रीटाइपमधल्या एका चुकीचा हल्लेखोर प्रत्यक्ष वापर करत असल्याचं गूगलच्या संशोधकांनी उघड केलं. फॉन्टमध्ये पीएनजी चित्र ठेवता येतं. त्याची लांबी-रुंदी ३२ बिटांत लिहिलेली असते. फ्रीटाइपने ती १६ बिटांत कोंबली. मोठा आकडा कापला गेला, त्या कापलेल्या मापाने मेमरी मागितली गेली आणि चित्र मात्र मूळ मापाने उतरवलं गेलं. शेजारच्या मेमरीवर पाणी फिरलं. रस्टमध्येही आकडा असा कापता येतो, हे रस्टप्रेमींनी विसरू नये. पण नेहमीच्या सुरक्षित रस्टमध्ये हद्दीबाहेर लिहायला गेलं की प्रोग्राम तिथेच थांबतो.

२०२५ च्या सुरुवातीला आलेल्या क्रोम १३३ पासून लिनक्स, अँड्रॉइड आणि क्रोमओएसवर वेबफॉन्ट वाचण्याचं हे काम फ्रीटाइपकडून रस्टमधल्या स्क्रिफा या लायब्ररीकडे गेलं. त्याआधी गूगल फॉन्ट्सच्या संग्रहावर दोन्ही लायब्रऱ्यांचे निकाल ताडून पाहिले होते. वाचणाऱ्याला बदल झाल्याचा पत्ताही लागला नाही. हार्फबझ अजून आहेच. तिचा रस्टमधला अवतार, हार्फरस्ट, घडतो आहे.

म्हणजे जागा घेता येते. फक्त घर पाडून नव्हे, ज्या दारातून परका माल आत येतो तिथून सुरुवात करून. अँड्रॉइडचा अनुभव हेच सांगतो. २०१९ मध्ये तिथल्या सुरक्षा-दोषांपैकी ७६ टक्के मेमरीच्या गैरवापराचे होते. २०२४ मध्ये हा वाटा २४ टक्क्यांवर आला. जुना सी++ कोड सरसकट पुन्हा लिहिलेला नव्हता. नवा कोड रस्ट, कॉटलिन अशा भाषांत लिहीत गेले, इतकंच. असे दोष बहुतेक ताज्या कोडमध्ये सापडतात. जुना कोड वापरात घासून निघालेला असतो. तेव्हा ‘सगळं रस्टमध्ये करून टाकू’ म्हणणाऱ्या व्यवस्थापकाला चहा पाजून परत पाठवावं.

सगळीकडे हे जमतंच असंही नाही. नेटवरून डेटा आणणाऱ्या, सीमधल्या कर्लने हायपर ही रस्टमधली एचटीटीपी लायब्ररी जोडण्याचा प्रयोग काही वर्षं चालवला आणि पुरेसे वापरणारे व हातभार लावणारे मिळेनात, म्हणून २०२४ च्या अखेरीस तो कोड काढून टाकला. लिनक्सच्या कर्नलमध्ये डिसेंबर २०२२ च्या ६.१ आवृत्तीपासून रस्टला प्रवेश आहे. मेन्टेनर मंडळींची त्यावरची भांडणं मात्र जगजाहीर आहेत.

आणि सुरक्षित भाषा म्हणजे बिनचूक प्रोग्राम नव्हे. १८ नोव्हेंबर २०२५ ला साइट्सची वाहतूक सांभाळणारी क्लाउडफ्लेअर कोलमडली आणि जगभरच्या असंख्य साइट्स बंद पडल्या. बॉट ओळखणाऱ्या यंत्रणेची एक फाइल अचानक दुपटीने फुगली, तिच्यातल्या नोंदींनी २०० ची मर्यादा ओलांडली. तिथे रस्टमधल्या प्रॉक्सीत एक ‘अनरॅप’ बसला होता: त्रुटी येणारच नाही असं गृहीत धरणारा. आली, आणि प्रोग्राम पॅनिक होऊन थांबला. मेमरीला धक्का लागला नाही, सेवा मात्र गेली.

शेवटचा मुद्दा यंत्रांचा. फेब्रुवारी २०२१ मध्ये पायथनच्या ‘क्रिप्टोग्राफी’ पॅकेजने रस्ट आणली आणि अनेकांचे बिल्ड फुटले. जुन्या किंवा दुर्मीळ प्रोसेसरवाल्यांनी तर तक्रारींचा पाऊस पाडला, कारण त्यांच्याकडे रस्टचा कंपायलरच पोहोचत नव्हता. रस्टचा मुख्य कंपायलर मशीन कोड बनवण्यासाठी एलएलव्हीएमवर विसंबतो, आणि एलएलव्हीएम सी++मध्ये आहे. एलएलव्हीएम न पोहोचणाऱ्या यंत्रांवरही रस्ट जावी म्हणून जीसीसीसाठी वेगळा रस्ट कंपायलर लिहिला जातोय; तोही मुख्यतः सी++मध्येच.