खोली, कडी आणि किल्ली

(संघटनेच्या वार्षिक शिबिरात दुसऱ्या दिवशी सकाळी केलेल्या भाषणाचं शब्दांकन)



पत्रिकेत 'स्त्री आणि प्रवास' असा भारदस्त विषय छापलाय. मी तेवढं मोठं बोलणार नाही. मार्च २०२३ मध्ये मी बावीस दिवस एकटी व्हिएतनामला जाऊन आले, परवडेल त्या स्वस्त जागी राहिले, त्याबद्दल बोलते. काल जेवताना तिघींनी विचारलं, पैसे कुठून आणलेस? तीन वर्षांची भिशी. सगळ्यात मोठा खर्च विमानाचा. व्हिसा घरबसल्या मिळाला, पंचवीस डॉलर. राहणं मात्र आपल्या तालुक्याच्या लॉजपेक्षा स्वस्त पडलं.

लॉजवरून आठवलं. त्याच्या आदल्या वर्षी एका बाईला घेऊन मी कोर्टाच्या तारखेला एका तालुक्याच्या गावी गेले होते. एस.टी. उशिरा पोचली, रात्रीचे साडेदहा. स्टँडसमोर तीन लॉज. तिन्ही ठिकाणी एकच प्रश्न, "सोबत कोण आहे?" मी म्हटलं, आम्ही दोघी एकमेकींच्या सोबत आहोत. ते सोबतीत धरत नाहीत. एकानं तर सांगितलं, "ताई, तुमच्याच भल्यासाठी नाही म्हणतोय." ती रात्र आम्ही स्टँडच्या बाकावर काढली. प्रौढ बाईनं एकटीनं खोली घेऊ नये असा कुठलाही कायदा नाही. लग्न न झालेल्या जोडप्यांबद्दलसुद्धा तसा कायदा नाही, हे मद्रास उच्च न्यायालयानं २०१९ मध्ये स्पष्ट म्हटलंय. पण रात्री साडेदहाला काउंटरवर निकालपत्र कोण वाचतं?

बाईनं प्रवासात कुठं टेकायचं हा प्रश्न जुनाच आहे. पंडिता रमाबाई आणि त्यांचे भाऊ आईवडिलांच्या मृत्यूनंतर पायी फिरत होते, तेव्हा कधी झाडाखाली, कधी पुलाच्या कमानीखाली झोपले. झेलमच्या काठी थंडीपासून वाचायला वाळूत खड्डे करून, गळ्यापर्यंत वाळू ओढून घेऊन रात्र काढल्याचं त्यांनी स्वतः लिहून ठेवलंय. त्या मानानं माझं सगळं ऐषआरामातच झालं.

हनोईच्या जुन्या भागात गल्ल्यांना धंद्यांची नावं आहेत. हांग बाक म्हणजे चांदीची गल्ली. तिथून जवळच एका अरुंद, उंच घरात मी उतरले. बायकांसाठीची वेगळी खोली, आठ जणींची, दुमजली पलंग. एका रात्रीचे दीड लाख डोंग. आकडा ऐकून घाबरू नका, आपले पाचशे-सव्वापाचशे रुपये. काउंटरवरच्या मुलीनं पासपोर्ट घेतला, कारण पाहुण्यांची नोंद त्यांना पोलिसांकडे करावी लागते. आणि किल्ली दिली. नवरा, वडील, भाऊ, कुणाबद्दल एक शब्द नाही.

पलंगाला पडदा, उशाशी आपला दिवा, खाली कपाट आणि त्याची किल्ली माझ्या मनगटाला. मी पस्तिशीच्या पुढची, पण फक्त माझं असं कुलूप माझ्या आयुष्यात तोवर नव्हतं. माहेरी कपाट सगळ्यांचं, सासरी किल्ली सासूबाईंकडे, हॉस्टेलला खोली तिघींत. पहिल्या रात्री मी ते कपाट उगाच दोनदा उघडून पाहिलं. हसताय, पण तुमच्यातल्या कितीजणींकडे आहे ते मोजा घरी गेल्यावर.

थोडं कामाचं सांगते. नव्या गावात उजेडी पोचायचं. त्यासाठी दिवसाची गाडी महाग पडली तरी चालेल. पहिल्या रात्रीची जागा आधी ठरवायची, पुढच्या नाही. पैसे द्यायच्या आधी संडासाची कडी स्वतः लावून पाहायची. हुए नावाच्या गावात मी हे विसरले आणि तीन दिवस बादली दाराला लावून अंघोळ केली. शाकाहारी असाल तर एक गंमत: तिथं 'चाय' म्हणजे शाकाहारी जेवण, आणि चहाला हनोईत जवळजवळ आपल्यासारखंच 'चा' म्हणतात. मी सकाळी चाय मागितला आणि समोर टोफू आला.

पण मला जे सांगायचंय ते त्या घराच्या दारात घडलं. रोज सकाळी एक बाई खांद्यावर कावड घेऊन यायची, एका टोपल्यात केळी, एकात पेरू. काउंटरवरच्या मुलीच्या मदतीनं आम्ही बोललो. तिनं पहिलाच प्रश्न विचारला, मुलं किती? नवरा कुठंय? मी मनात म्हटलं, आली का इथंपण तालुक्याची लॉज! पण तिला वेगळंच विचारायचं होतं: तू इकडे, मग मुलांना जेवायला कोण घालतं? तिच्या घरी नवरा घालतो. तो गावाकडे शेत आणि दोन मुलं बघतो, ती शहरात फळं विकते आणि दोन-तीन आठवड्यांनी घरी जाते. रात्री दोनला उठून लाँग बिएनच्या घाऊक बाजारात माल घ्यायला जायचं.

मी विचारलं, राहता कुठं? 'न्या चो' म्हणाली, म्हणजे भाड्यानं झोपायची जागा. एका खोलीत दहाबाराजणी, जमिनीवर चटया, पैसे रात्रीच्या हिशेबानं. कपाट नाही. दिवसभराची कमाई अंगावर बांधून झोपायचं. तिनं कमरेला हात लावून दाखवलं. आमच्या दोघींच्या जागा एकाच शहरातल्या, दोन्ही स्वस्त, दोन्ही बायकांच्या. मी आठजणींत झोपते याचं मला कौतुक वाटत होतं. तिनं नुसतं विचारलं, तुमच्या खोलीत कुलूप आहे? आहे म्हटल्यावर मान डोलावली आणि एक पेरू जास्त टाकला.

त्या रात्री मला झोप आली नाही. कारण न्या चोची नव्हे, आपल्याच निवासगृहाची खोली डोळ्यांसमोर आली. मी एमएसडब्ल्यू झाल्यापासून तिथं काम करतेय. सरकारी पाट्या बदलल्या. अल्पमुदत निवासगृह, मग स्वाधार, आता शक्ती सदन. आत कॉट तशाच. मारहाणीतून सुटून आलेली बाई एक पिशवी घेऊन येते आणि ती पिशवी आम्ही ऑफिसात जमा करून घेतो. 'तिच्याच भल्यासाठी.' दागिने असतील, विषाची बाटली असेल, फोनवरून नवऱ्याला पत्ता कळेल. सगळी कारणं खरी आहेत. नियमावली माझ्या अक्षरात आहे. लॉजवाल्याचं वाक्य मी वर्षानुवर्षं म्हणत होते आणि मला ऐकू येत नव्हतं.

परत आल्यावर समितीपुढे कुलपाच्या पेट्यांचा विषय मांडला. अडीच तास वाद झाला. आमच्या वॉर्डनबाई, ज्यांनी एकीला फास घेताना वाचवलंय, त्यांनी विचारलं, "बंद पेटीत काय आहे ते मला कळलं नाही आणि काही झालं, तर तू उत्तर देशील?" माझ्याकडे उत्तर नव्हतं, आजही पुरतं नाही. शेवटी बारा पेट्या घेतल्या. आल्यावर बाईसमोर पिशवी एकदा पाहायची, मग पेटी तिची. दुसरी किल्ली लाखेचं सील लावून ऑफिसात. सील तोडलं तर का तोडलं ते वहीत लिहायचं आणि खाली तिची सही. आजवर दोनदा तोडलं. एकदा गरज होती. एकदा नव्हती, आणि त्या बाईनं सही करायला नकार दिला. बरोबरच केलं तिनं.

फाटक संध्याकाळी सातला बंद होतं, तो नियम अजून तसाच आहे. मार्केट यार्डात कांदा निवडायला जाणाऱ्या दोघींना सात गाठता येत नाही, म्हणून त्यांनी गेल्या महिन्यात काम सोडलं. येत्या बैठकीत तो विषय आहे. तुमच्या निवासगृहांत फाटक किती वाजता लागतं आणि किल्ली कुणाकडे असते, ते जेवणाआधी मला सांगा. मी वही आणलीय.