बेताच्या पैशांतील गोड भेट

कावेरीच्या मुखाजवळच्या खेड्यांत पैसा पाण्याच्या मागून चालत येतो. मेट्टूरचे धरण १९३४ साली पुरे झाले. त्या धरणाचे दरवाजे दरसाल १२ जूनला उघडावयाचे, असा रिवाज पडलेला आहे, आणि तंजावर, कुंभकोण, तिरुवारूर या बाजूच्या शेतकऱ्याच्या पंचांगात ही तारीख एखाद्या सणाइतकीच पक्की बसलेली आहे. सुटलेले पाणी कल्लणैच्या जुन्या बांधापाशी येते, तेथे त्याच्या वाटण्या होतात, आणि मग ते पाटापाटांतून, शिवाराशिवारांतून पसरत जाते. वेळेवर पाणी आले तर ‘कुरुवै’ नावाचे अल्प मुदतीचे भातपीक दिवाळीच्या आगेमागे घरात येते. मोठे पीक ‘सांबा’. ते यावयाचे पोंगलच्या सुमारास किंवा त्यानंतर.

पण पाणी नेहमीच वेळेवर सुटते असे नाही. २०२४ साली ते सुटले २८ जुलैला. ज्यांच्या शेतात विंधनविहीर होती त्यांनी कुरुवै साधले, ज्यांची भिस्त केवळ पाटावर होती त्यांचे साधले नाही. त्या वर्षी दिवाळी ३१ ऑक्टोबरला आली. शेतात सांबाचे कोवळे पीक उभे, खताची उधारी चालू, आणि धान्य विकून पैसा हाती यावयास अजून तीन महिने अवकाश, अशा अवस्थेत ती आली. सणाला मात्र हे सांगून भागत नाही.

या मुलखात दिवाळीची मुख्य धांदल नरकचतुर्दशीच्या पहाटेची. अभ्यंगस्नान झाले की भेटेल तो ‘गंगास्नान झाले का?’ असे विचारतो. सुंठ, मिरी, ओवा आणि गूळ घालून आटवलेले लेह्य पहाटेच चाटावयाचे असते. पुढे दिवसभर जे गोडधोड पोटात जाणार, त्याची ही आगाऊ तरतूद, आणि ती करणाऱ्या पूर्वजांच्या व्यवहारज्ञानाचे कौतुक केल्यावाचून राहवत नाही. उजाडले म्हणजे घरोघरी ताटे फिरू लागतात. रुमालाखाली झाकलेल्या ताटात चार पदार्थ असतात, आणि ते ताट रिकामे परत करावयाचे नसते. ज्या घरी मुलीची लग्नानंतरची पहिली दिवाळी, ‘तलै दीपावळी’, असते, तेथे तर मुलगी आणि जावई माहेरी येतात. मग त्या घराचा खर्च किती वाढतो, हे महाराष्ट्रातील श्रोत्यांना दिवाळसणाच्या अनुभवावरून ताडता येईल.

या गावांतून मराठी बोलणारी कुटुंबे अजूनही आहेत. सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात व्यंकोजीराजांनी तंजावरास राज्य स्थापले, ते १८५५ साली दुसऱ्या शिवाजीराजांच्या मृत्यूनंतर संपुष्टात आले. पण त्या राज्याबरोबर आलेली माणसे काही परत गेली नाहीत. दारात तमिळ आणि माजघरात मराठी असा त्यांचा दुहेरी संसार पिढ्यान्पिढ्या चालला आहे. भाषेचे झाले तेच स्वयंपाकाचे झाले. सांबाराच्या जन्माची कथा सर्वांनी ऐकलेली आहे, तिचा खरेखोटेपणा पारखण्याचे हे स्थळ नव्हे. परंतु सरफोजी महाराजांच्या काळात मुदपाकखान्यातील कृती लिहून ठेवण्याइतकी आस्था दरबारात होती, आणि ‘शरभेंद्र पाकशास्त्र’ या नावाने ती विद्या ग्रंथरूपाने राहिली आहे. पाकविद्येला कागदावर मान देणारे हे घराणे होते, एवढे निश्चित म्हणता येईल.

दरबाराचा स्वयंपाक हा अर्थातच बेताच्या पैशांतला नव्हे. तिरुवैयारूचा प्रसिद्ध ‘अशोका’ हलवाच पाहा. त्याचा मुख्य जिन्नस मुगाची डाळ, म्हणजे गरिबाच्या घरातलीही वस्तू. पण ती शिजवून, साखर घालून, घोटून तांबूस चकचकीत करावयाची तर ती तूप पीतच राहते, आणि खर्च डाळीचा न होता तुपाचा होतो. भेट म्हणून वीस घरी अशोका वाटणे सामान्य कुटुंबाला झेपत नाही. पक्वान्नाचा भाव त्याच्या नावातल्या जिनसावर ठरत नाही, तो जिनसामागे लपलेल्या स्निग्धावर ठरतो, हे घर चालवणाऱ्या बायकांना कोणी शिकवावे लागत नाही.

त्यावर या प्रदेशाने फार पूर्वी एक तोड काढलेली आहे. लग्न, मुंज, डोहाळजेवण अशा कार्यांत ‘परुप्पु तेंगै’ नावाचे दोन शंकू मांडतात. पत्र्याचा किंवा पितळेचा शंकूच्या आकाराचा साचा असतो. त्याला आतून तुपाचा हात फिरवावयाचा, किंवा कागद लावावयाचा, आणि गुळाच्या पाकात घोळलेली फुटाण्याची डाळ, शेंगदाणे किंवा बुंदी त्यात गरम गरम ठासून भरावयाची. निवल्यावर साचा उघडला की हातभर उंचीचा खडा शंकू उभा राहतो. त्यास सोनेरी कागद गुंडाळतात. नेहमी जोडी, एक कधीही नाही. महाराष्ट्रात रुखवतात मांडलेल्या वस्तूंकडे पाहुण्यांची नजर जशी प्रथम जाते, तशी तेथे या जोडीकडे जाते. कार्य आटोपले की शंकू फोडतात आणि तुकडे घरोघर वाटतात. डाळ आणि गूळ यांपलीकडे ज्यात काही नाही अशा वस्तूला एवढी प्रतिष्ठा मिळवून देणारा कारागीर कोण होता, हे इतिहासाने नोंदवलेले नाही. त्याने, किंवा बहुधा तिने, आकाराच्या बळावर गुळाला मिरवणुकीत बसवले.

गूळही घरचाच म्हणावयाचा. पापनाशम तालुक्यात, कोळ्ळिडमच्या काठी वीरमांगुडीसारख्या गावांत उसाचा रस आटवून लहान लहान साच्यांत गूळ पाडतात. त्याला ‘अच्चु वेल्लम’ म्हणजे साच्यातला गूळ म्हणतात. पोंगलच्या आधी त्या भट्ट्यांना उसंत नसते.

आता या ताटांत एक नवा पाहुणा येऊन बसला आहे. तो म्हणजे चॉकलेट. शहरात नोकरीस असलेली मुले सुटीवर येतात, त्यांची मुले बरोबर असतात, आणि त्या मुलांना आजीच्या हातच्या मनोहरमपेक्षा चकचकीत कागदातली वडी हवी असते. दुकानातला तयार डबा घ्यावा तर पुठ्ठ्याचे वजन आणि रेशमी फितीचे मोल दोन्ही माथी बसतात. त्यातून कोकोचा बाजार अलीकडे अगदी बेभरवशाचा झाला. आयव्हरी कोस्ट आणि घाना या देशांत पीक बुडाल्यामुळे, २०२३च्या आरंभी टनाला अडीच हजार डॉलर्सच्या आसपास असलेला कोकोचा भाव डिसेंबर २०२४ मध्ये १२ हजार डॉलर्सच्या वर चढला होता. पश्चिम आफ्रिकेतल्या पावसाचा आणि कुंभकोणच्या अग्रहारातल्या ताटाचा असा संबंध लागेल, हे आधीच्या पिढीला स्वप्नातही खरे वाटले नसते.

तेव्हा घरी चॉकलेट करण्याची कल्पना निघते. ती चांगली आहे, परंतु प्रथम एक भेद लक्षात घ्यावयास हवा. खऱ्या चॉकलेटातला स्निग्धांश म्हणजे कोकोचे लोणी. ते साधारण ३४ अंशांस वितळते, म्हणूनच तोंडात विरघळते. पण थिजताना ते सहा निरनिराळ्या प्रकारचे स्फटिक धरू शकते आणि त्यांपैकी एकच प्रकार चकाकी आणि कटकन मोडणारा खुसखुशीतपणा देतो. तो साधण्यासाठी चॉकलेट ठरावीक अंशांपर्यंत तापवून, निववून, पुन्हा किंचित तापवावे लागते. तापमापक आणि सराव यांवाचून ते जमत नाही, आणि वडीवर पांढुरकी छटा येते. दुसरा प्रकार ‘कंपाउंड’ या नावाने मिळणाऱ्या लाद्यांचा. त्यांत कोकोच्या लोण्याऐवजी पामच्या गरासारखे वनस्पतिजन्य स्निग्ध असते. चव त्या मानाने उणी, पण किंमतही उणी, आणि वितळवून नुसते थिजवले तरी वडी चकचकीत उतरते. त्रिभुज प्रदेशाच्या हवेत आणि बेताच्या पैशांत हाच प्रकार शहाणपणाचा. मात्र ज्याला द्यावयाचे त्याला ती वस्तू जी आहे तीच म्हणून द्यावी. स्वस्त जिन्नस देण्यात कमीपणा नाही, तो महागाचा म्हणून सांगण्यात आहे.

कृती म्हटली तर फार नाही. लादी सुरीने बारीक चिरावी. एका पातेल्यात पाणी गरम करून आच बंद करावी आणि त्यावर दुसरे भांडे असे ठेवावे की त्याचा तळ पाण्याला टेकू नये. वाफेच्या उबेवरच लादी वितळते. जाळ मोठा केला तर ती करपून रवाळ होते. सर्वांत जपावयाचे ते पाण्यापासून. ओला चमचा, झाकणावरून ओघळलेला वाफेचा एक थेंबही पुरतो. चॉकलेटातल्या साखरेचे कोरडे कण ते पाणी शोषून एकमेकांस चिकटतात आणि पातळ रस पाहता पाहता घट्ट गोळा होऊन बसतो. ज्या स्वयंपाकघरात काहीही घट्ट झाले की थोडे पाणी घालावयाची सवय, तेथे ही गोष्ट हाताला पटावयास वेळ लागतो. असा बिघाड झालाच तर तो गोळा टाकू नये. गरम दुधात तो ढवळला की मुलांना प्यावयास उत्तम.

काटकसर पुढे आहे. एक किलो लादीच्या दहा ग्रॅमच्या वड्या पाडल्या तर शंभर होतात. त्याच किलोत तीनशे ग्रॅम भाजून सोललेले शेंगदाणे आणि दोनशे ग्रॅम फुटाण्याची डाळ मिसळली तर ऐवज दीड किलो होतो आणि वड्या दीडशे. आठ वड्यांची एक पुडी धरली तर अठरा घरे होतात आणि सहा वड्या उरतात. उरलेल्यांचा हिशेब घरातली मुले परस्पर मिटवतात. शेंगदाणे आणि डाळे ही नुसती भर नव्हे. कंपाउंडची गोडी जी काहीशी बोथट असते, तिला भाजक्या दाण्याचा खमंगपणा धार आणतो. चिमूटभर सुंठ आणि वेलची घातली तर ती वडी तंजावरचीच वाटू लागते. नारळ घालावयाचा मोह तेथे प्रत्येकास होणार, कारण परसात माड असतो. पण ओला नारळ मुळीच घालू नये, त्यात पाणी असते. सुके खोबरे किसून, भाजून, पुरते निववून घालावे.

साचे विकत घेण्याचीही निकड नाही. लोणीकागदावर चमचा चमचा ओळीने घातले तरी सुबक टिकल्या पडतात. चुरमुऱ्यांचे गुळाच्या पाकात वळलेले लाडू तमिळ देशात कार्तिकैच्या दीपोत्सवाला घरोघरी होतात. असा लिंबाएवढा लाडू अर्धा चॉकलेटात बुडवून काढला तर थोड्याशा चॉकलेटात एक मोठा, देखणा नग होतो, आणि आजी व नातू दोघांचीही समजूत पटते. ज्याच्या घरी परुप्पु तेंगैचा लहान साचा असेल त्याने तो चुरमुरे आणि पाक यांनी भरावा आणि निघालेल्या शंकूवर वरून पातळ रस ओतावा. सबंध शंकू चॉकलेटाचा करण्याच्या फंदात मात्र पडू नये. त्यात सारी काटकसर बुडेल.

हवेशी कसे वागावे, हा प्रश्न मात्र अवघड खरा. दिवाळीच्या दिवसांत तेथे ईशान्येचा मोसमी पाऊस चालू असतो. वड्या शीतकपाटात पंधरा मिनिटे ठेवल्या की थिजतात, परंतु बाहेर काढताच दमट हवा त्यांच्यावर दवासारखी बसते, साखर विरघळते, आणि पाणी सुकल्यावर खरखरीत पांढरा थर राहतो. म्हणून थिजलेल्या वड्या तेथेच घट्ट झाकणाच्या डब्यात भराव्या, डबा बाहेर काढावा, आणि तो खोलीइतका उबदार झाल्यावरच उघडावा. वीज गेली तर तोच डबा जमिनीवर, थंड फरशीवर ठेवावा, देवघरातल्या समईपासून दूर.

वेष्टनाच्या बाबतीत जुनी माणसे अधिक हुशार ठरतात. ताडाच्या पानांची विणलेली पेटी, केळीच्या सोपटाचा दोर, आणि आत लोणीकागदाची घडी. ती पेटी पुढे वर्षभर सुपारी ठेवावयास उपयोगी पडते, आणि दिलेल्याची आठवणही राहते.

अशा घरात एक प्रश्न मात्र हमखास निघतो. तलै दीपावळीला आलेल्या जावयापुढे घरची चॉकलेटे ठेवावी की कुंभकोणच्या दुकानातला डबा? सासऱ्याला डबा हवा असतो, कारण व्याह्यांच्या गावी त्या डब्यावरचे दुकानाचे नाव वाचले जाणार. सासूला हिशेब ठाऊक असतो, डब्याच्या पैशांत खताची एक गोणी येते. मुलगी बहुतेक वेळा आईच्या बाजूची असते, पण तोंडाने बापाची बाजू धरते. तडजोड अशी निघते की जावयाच्या ताटात दुकानातली एक लहान पुडी, आणि सासरी न्यावयाच्या पेटीत घरच्या वड्या, सुंठ घातलेल्या. सासरची मुले दोन दिवसांत ती पेटी रिकामी करतात, आणि नेमकी तीच पुन्हा केव्हा येणार, असे विचारतात.

दिवाळी सरते. परुप्पु तेंगैचे साचे धुऊन, कोरडे करून, जोडीने माळ्यावर जातात. सांबा कापून होऊन तै महिना लागला, लग्नाचे मुहूर्त निघू लागले, म्हणजे ते पुन्हा खाली येतात, आणि तेव्हा त्यांत गूळ आणि डाळच भरली जाते.