मूळ फुटेजचा ठावठिकाणा

(लखनौमधील मराठी मंडळींच्या शारदीय व्याख्यानमालेत दिलेले व्याख्यान)



आपल्यातल्या बऱ्याच घरांत आता कुणी ना कुणी व्हिडिओचे संकलन करते. गणेशोत्सवाची फिल्म असते, आजोबांच्या सहस्रचंद्रदर्शनाची असते, लग्नाच्या तर विचारूच नका. इथली काही तरुण मुले त्यावर पोटही भरतात. म्हणून आज संकलनातल्या एका दुर्लक्षित कामाविषयी बोलतो. मूळ फुटेज कसे लावून ठेवायचे आणि त्याचा दुवा तुटला तर तो पुन्हा कसा जोडायचा, हे ते काम.

आधी एक गोष्ट पक्की करू. संकलनाचे सॉफ्टवेअर कोणतेही असो, प्रीमियर घ्या, रिझॉल्व्ह घ्या, प्रोजेक्टच्या फाइलमध्ये चित्र नसतेच. तिथे नोंदी असतात: अमुक ड्राइव्हवर, अमुक फोल्डरात, अमुक नावाची फाइल आहे, तिच्यातला इथून इथपर्यंतचा तुकडा घ्यावा. कॅमेरा सेकंदाला १०० मेगाबिटने चित्रीकरण करत असेल, तर तासाभराचे फुटेज ४५ जीबीच्या घरात जाते. त्यावरच्या प्रोजेक्टची फाइल बहुधा काही एमबींतच मावते. ती पेनड्राइव्हवर घेतली की फिल्म सांभाळली, असे पुष्कळांना वाटते. पत्ता सांभाळला जातो. घर कुठे आहे हे कुणी पाहत नाही.

रिळांच्या काळातही काम याच तत्त्वावर चाले. ३५ मिलिमीटरच्या निगेटिव्हच्या कडेला फुटाफुटावर क्रमांक छापलेला असे आणि एका फुटात १६ चौकटी येत. संकलक कापाकापी करी ती रश प्रिंटवर. ती मंजूर झाली की निगेटिव्ह कापणारा कडेचे क्रमांक वाचून मूळ निगेटिव्ह तिच्याशी जुळवी. क्रमांक चुकला आणि कात्री चालली, तर चौकटी कायमच्या जात. आजच्या रिलिंकमध्ये, म्हणजे दुवा पुन्हा जोडण्यात, कात्री नाही. पण क्रमांकाची शिस्त सुटली, तर फसगत तेवढीच होते.

ती कशी होते ते जवळून पाहू. नाझा मार्केटमधून नवी हार्ड डिस्क आणली, फुटेज तिच्यावर हलवले, प्रोजेक्ट उघडला. पडद्यावर लाल चौकट: मीडिया ऑफलाइन. इथे घाबरायचे कारण नाही. विंडोजने जुन्या डिस्कला ई म्हटले होते, नवीला जी म्हटले, एवढेच झालेले असते. एक फाइल नेमकी दाखवून दिली, की फोल्डरांची मांडणी पूर्वीसारखी असेल तर बाकीच्या बहुधा आपोआप सापडतात. नव्या डिस्कला जुनेच अक्षर दिले तर तेवढीही गरज उरत नाही.

खरी भीती लाल चौकट न दिसण्याची. लग्नात तीन कॅमेरे आहेत, एक मंचावर, एक वरातीत, एक मुलीच्या खोलीत. सोनीच्या कॅमेऱ्यात क्रमांक नव्याने सुरू होण्याची सोय ठेवलेली असेल, तर नव्या कार्डावर पहिली फाइल पुन्हा सी०००१ याच नावाची होते. तीन कार्डे, तीन सी०००१. सॉफ्टवेअर नुसत्या नावावरून जोडू लागले, की कन्यादानाच्या जागी वरातीचा बँड येऊन बसतो. लाल काही दिसत नाही, सूचना येत नाही. फिल्म घरी पोचते तेव्हा आईच्या लक्षात येते.

यावर दुसरी ओळखखूण म्हणजे टाइमकोड, चौकटीचौकटीवरची वेळेची नोंद. पण कॅमेऱ्यात तो प्रत्येक वेळी शून्यापासून धावत असेल, तर तिन्ही फायलींवर तोच आकडा असतो. म्हणून टाइमकोड दिवसाच्या घड्याळाशी जुळवून सलग चालू ठेवावा. कार्ड उतरवताना त्यावरची सगळी फोल्डरे जशीच्या तशी घ्यावीत. त्यातली एकटी व्हिडिओ फाइल उचलू नये. बाहेरच्या फोल्डराला तारीख, कॅमेरा आणि कार्डाचा क्रमांक द्यावा. फाइलचे नाव बदलायचेच असेल, तर संकलनाला हात लावण्याआधी बदलावे. एकदा कट बसला की नाव कायम. आणि प्रत चेकसमने, म्हणजे फाइलच्या मजकुरावरून काढलेल्या आकड्याने, पडताळल्याशिवाय कार्ड पुसू नये, मग दारात दुसरी वरात का उभी असेना.

मशीन हलके असेल तर प्रॉक्सी, म्हणजे मूळ फुटेजच्या हलक्या प्रती, करून काम करतात. मार्ग चांगला आहे. फक्त प्रॉक्सीतला चौकटींचा वेग, टाइमकोड आणि आवाजाचे चॅनल मुळाशी तंतोतंत जुळले पाहिजेत. २५ चौकटींचे फुटेज ३० वर नेऊन ठेवले, तर मुळाकडे परतताना कट सरकतात, नाहीतर सॉफ्टवेअर जोडायलाच नकार देते.

श्रोतेहो, मी हे लखनौत मुद्दाम सांगतो आहे. वाळकेश्वरात जन्मलेल्या पंडित विष्णु नारायण भातखंडे यांनी देशभर फिरून, घराण्याघराण्यांत विखुरलेल्या बंदिशी मिळवल्या. दहा थाटांखाली राग लावले, सगळ्या बंदिशींना एकाच खुणांची स्वरलिपी दिली आणि क्रमिक पुस्तकमालिकेचे सहा भाग मराठीत सिद्ध केले. १९२६ मध्ये याच शहरात मॅरिस कॉलेज सुरू झाले, ते त्यांच्याच प्रयत्नांनी. आज त्या संस्थेला त्यांचे नाव आहे. ज्याने उस्तादांना कधी पाहिले नाही, त्या विद्यार्थ्यालाही ती बंदीश शोधता येते, कारण लावणाऱ्याने अनोळखी माणसाचा विचार करून ती लावली. आपल्या फोल्डरांची कसोटी हीच. आपण नसताना परक्या संकलकाला तो प्रोजेक्ट उघडता आला पाहिजे.

आणि मूळच गेले तर? जानेवारी २००३ मध्ये पुण्यात, जुन्या प्रभात स्टुडिओच्या आवारात, राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाच्या नायट्रेट फिल्मच्या कोठीला आग लागली. मराठी आणि हिंदी चित्रपटांची जुनी मूळ रिळे त्यात जळाली. ज्यांच्या प्रती दुसरीकडे होत्या ते चित्रपट आज पाहता येतात. म्हणून फुटेजच्या तीन प्रती ठेवाव्यात आणि त्यातली एक दुसऱ्या घरी, शक्य तर दुसऱ्या गावी. लखनौच्या घरातली एक डिस्क पुण्याच्या मावशीकडे राहायला काहीच हरकत नाही.

शेवटी एक विनंती. आपल्याकडच्या जुन्या गणेशोत्सवांच्या, नाटकांच्या, घरच्या कार्यांच्या टेपा आणि डिस्का कपाटांत पडून आहेत. त्यांची यादी याच महिन्यात सुरू करू. कोणते वर्ष, कुणी चित्रित केले, कोण दिसते आहे, प्रत कुठे आहे, एवढे चार रकाने पुरेत. मूळ शाबूत असेल तर तुटलेला दुवा कधीही जोडता येतो. पण जुन्या टेपेतल्या माणसांची नावे सांगणारी ज्येष्ठ मंडळी आज या सभागृहात बसली आहेत, तेव्हा तिसऱ्या रकान्यापासूनच सुरुवात करू या.