कानात आणि डोळ्यात चार बोटांचं अंतर

(बारामती-इंदापूर तालुक्यांच्या बैठकीतील भाषण)



एप्रिल २०२५ मध्ये देशभर हाकाटी उठली, की यूपीआयनं दोन हजारांवर रक्कम दिली तर १८ टक्के जीएसटी लागणार. १८ एप्रिलला अर्थ मंत्रालयानं हे साफ खोटं असल्याचं जाहीर केलं. कारण सरळ होतं. असा कर लागतो तो व्यवहाराच्या शुल्कावर, पाठवलेल्या रकमेवर नव्हे. आणि दुकानदाराला द्यायच्या यूपीआय रकमेवरचं शुल्क जानेवारी २०२० पासूनच काढून टाकलेलं होतं. शुल्कच नाही, तर कर कशावर?

शिकलेले लोकही असे फसतात. १९९९ साली अमेरिकेत पत्र फिरलं, की दर ई-मेलला पाच सेंट टपाल आकारणारं '६०२ पी' विधेयक येतंय. असं विधेयक नव्हतं, ते मांडणारा म्हणून सांगितलेला खासदारही नव्हता. तरी २००० साली सिनेटच्या निवडणुकीतल्या जाहीर वादात हिलरी क्लिंटन आणि रिक लॅझियो यांना त्यावर प्रश्न आला, आणि खरं समजून दोघांनीही विरोध नोंदवला!

आपण आकारणीला भितो, ते उगीच नाही. प्रिंगल साहेबाची जमीन आकारणी जड झाली म्हणून गोल्डस्मिड आणि विंगेटना १८३६ साली फेरआकारणी सुरू करावी लागली, ती याच इंदापूर तालुक्यात. दुधानं तोंड भाजलेला ताकही फुंकून पितो. पण फुंकताना दूध कुठलं आणि ताक कुठलं, हे तरी ओळखायला हवं.

कारण खरी आकारणी गाजावाजा करत येत नाही. २०२३ च्या खरिपात सुरू झालेला एक रुपयातला पीक विमा २०२५ च्या खरिपापासून बंद झाला. विमा रकमेवर शेतकऱ्याचा हिस्सा कापसाला ५ टक्क्यांपर्यंत, खरीप ज्वारीला २, रब्बी ज्वारीला दीड टक्क्यापर्यंत ठरला. विमा रक्कम पन्नास हजार धरली, तर कापसाला एक रुपयाच्या जागी अडीच हजारांपर्यंत! खोट्या कराचा मेसेज आपण दहा जणांना पाठवला. या खऱ्या हप्त्याचा शासन निर्णय किती जणांनी वाचला?

म्हणून आपण गावोगाव तीन गोष्टी पाळू या. आकारणीची बातमी आली, की आधी विचारायचं: खातं कोणतं, तारीख कोणती, शासन निर्णयाचा क्रमांक कोणता? उत्तर नसेल तर मेसेज पुढं ढकलायचा नाही. निर्णय खरा निघाला, तर तो चावडीवर मोठ्यानं वाचायचा. आणि कोणत्याही खिडकीवर पावतीशिवाय पैसा द्यायचा नाही.

लढायला आपण तयार आहोतच. पण ज्वारीवर पाखरं उतरलेली असताना गोफण रिकाम्या बांधावर फिरवून चालणार नाही.